अनेझीनाची गाडी पेट्रोल पिते

अनेझीनाची गाडी पेट्रोल पिते, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. का पिते, हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तोच तिला पेट्रोल विकत होता.

त्याचं नाव झानीस. बंदराच्या कडेला, जिथून डोंगरावरच्या गावाचा रस्ता सुरू होतो, तिथे त्याचा पंप. बेटावर दुसरा पंप नाही. पंपामागे पत्र्याची एक खोली, तिच्यात जुने टायर, चेना, उघडून ठेवलेले कार्ब्युरेटर, लोखंडी खाट आणि कॉफी उकळायची छोटी शेगडी. त्याची बायको मुलीच्या शाळेसाठी अथेन्सजवळच्या पिरेयसला गेली होती. मुलीची शाळा झाली, पुढचं शिक्षण झालं, लग्न झालं. बायको अजून शाळेसाठीच गेलेली आहे. कुणी विचारलं तर झानीस तसंच सांगायचा आणि विचारणारा मान हलवायचा. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही त्या खोट्याची सवय झाली होती.

अनेझीना वरच्या गावातली. तिचा नवरा आर्गिरिस द्राक्षांचा हंगाम संपता संपता छातीत कळ येऊन गेला. चाळिसाव्या दिवशी देवळात उकडलेला गहू वाटून झाला, लोकांनी तो खाल्ला, ओठ पुसले आणि जी पाठ फिरवली ती फिरवलीच. ती माणसं दुष्ट होती असं नाही. विधवेशी काय बोलायचं हे त्यांना येत नव्हतं, आणि न येणारी गोष्ट शिकावी असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बायका दारातून ‘कशी आहेस’ विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत दार ओढून घ्यायच्या. पुरुषांचं तर बोलायलाच नको. ज्या घरात तंगड्या पसरून आर्गिरिसची राकी ढोसली, त्याच घरावरून जाताना आता ते नाकासमोर बघून चालायचे.

आर्गिरिसनं मागे ठेवल्या त्या दोनच गोष्टी: डोंगरापलीकडचं शेळ्यांचं वाडगं, आणि तिथे जायला एक लहानशी मोटारसायकल. असल्या गाडीला बेटावर बदक म्हणतात. बदकासारखीच ती कुरकुरत, डुलत चालते, पण पोचते. अनेझीना उतारवयात ती चालवायला शिकली. चौकातल्या भिंतीवर दोनदा आपटली, गुडघा फोडून घेतला, पण शिकली. शेळ्या आहेत तोवर ती बेटावर, आणि गाडी आहे तोवर शेळ्या, इतका साधा तिचा हिशेब होता. अथेन्समधला मुलगा, लिनार्डोस, दर रविवारी फोनवर म्हणायचा, “विकून टाक सगळं आणि ये इकडे.” ती म्हणायची, “शेळ्यांना विचारून सांगते.”

बेटावरची एक रीत आहे. वरून खाली येताना सगळे इंजिन बंद करतात, गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि उतारावर सोडून देतात. पेट्रोल वाचतं. पाद्रीसुद्धा तसाच उतरतो, झगा मांडीखाली दाबून. त्यामुळे इथे खाली येणाऱ्याचा आवाज येत नाही. वर जाणारा मात्र साऱ्या डोंगराला ऐकू जातो.

पहिल्यांदा ती पंपावर आली ती अशीच, आवाज न करता. हिवाळा होता, उत्तरेचा वारा सुटला होता, दोन दिवस बोट लागली नव्हती. झानीसनं मान वर केली तर ती समोर उभी.

“झानी, ही पिते रे.”

“काय पिते?”

“पेट्रोल. दुसरं काय पिणार? घरातली राकी आर्गिरिसनं संपवली, आता हिनं दुसरं धरलंय.”

झानीस वाकला आणि त्याला बघताक्षणी दिसलं. हँडलच्या डाव्या बाजूची चोकची कळ अर्धी ओढलेली. थंडीत गाडी सुरू करताना चोक ओढायचा आणि इंजिन तापलं की ढकलायचा, नाहीतर हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि टाकीला भोक पडल्यासारखं होतं. पण आर्गिरिसनं बायकोला गाडीवर मागे बसायला शिकवलं होतं, चालवायला नाही. त्याला चोक ओढताना तिनं रोज पाहिलं होतं. ढकलताना कधीच पाहिलं नव्हतं, कारण तोवर ती मागे बसून डोळे गच्च मिटून घ्यायची.

सांगायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं हेल्मेट काढलं. केस चपटे झालेले, नाक लाल. पंपाशेजारी बाटल्यांचं एक खोकं उपडं पडलं होतं, त्यावर ती बसली आणि म्हणाली, “कॉफी आहे का?”

कॉफीनंतर सांगू, असं त्यानं ठरवलं. कॉफी पिता पिता तिनं काळ्या शेळीची गोष्ट काढली. ती शेळी दूध देत नाही, कुंपण मोडते आणि बाकीच्यांचा चारा खाते.

“तिला सरकार म्हण,” झानीस म्हणाला.

अनेझीना हसली. मग तोही हसला आणि दचकला. त्या पत्र्याच्या खोलीजवळ स्वतःचं हसू त्यानं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

ती निघाली तेव्हा चोक तसाच होता. उद्या सांगू, तो स्वतःशी म्हणाला. तिची गाडी वळणावळणानं वर चढली, शेवटच्या वळणापर्यंत तिचा घरघराट येत राहिला, आणि तोवर त्यानं कप धुतले नाहीत.

उद्या त्यानं सांगितलं नाही. नंतरही नाही. त्याऐवजी बाकी सगळं सांगितलं. टायरमध्ये हवा कमी आहे. चेन कोरडी आहे. पुढे दुधाच्या कॅनसाठी खोकं बांधलंयस, ते वाऱ्याला शिडासारखं अडवतं. चढ आहे, तू सगळा चढ पहिल्या गिअरमध्ये काढतेस. त्यानं हवा भरली, चेनीला तेल घातलं, खोकं मागे बांधून दिलं. एकेक कारण खरं होतं. म्हणूनच ते खोटं इतकं पक्कं बसलं.

आता कुणी विचारेल, एवढं काय होतं त्या कॉफीत? त्यानं बेटावर राहून बघावं. इथे माणसाला पोटाला मिळतं, प्यायला मिळतं, पण बोलायला कारण लागतं. कॅफे पुरुषांचा. देवळात बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. बायको पिरेयसला गेलेल्या माणसानं विधवेच्या अंगणात पाऊल टाकलं, तर पाऊल उचलायच्या आत गोष्ट बंदरात पोचते. पंप मात्र उघड्यावर. समोर पोथितोसचा कॅफे, शेजारी धक्का, सगळ्यांना सगळं दिसतं, म्हणून कुणी काही म्हणत नाही. बाईची टाकी रिकामी आहे, बाई पेट्रोल भरते आहे, थंडी आहे, कॉफी घेते आहे. साऱ्या बेटावर दोन एकट्या माणसांनी अब्रू शाबूत ठेवून बसायची जागा एकच होती, आणि तिला पेट्रोलचा वास होता.

चारचौघांत तो तिला मानानं ‘कीरा अनेझीना’ म्हणायचा. वाऱ्यामुळे कॅफेवाले आत गेले की नुसतं ‘अनेझीना’.

मग पाद्री मध्ये पडला. पापा-याकोवोसनं देवळाबाहेर तिची गाडी पाहिली आणि बोटानं चोक आत ढकलला. तेच सांगायला ती हसत हसत पंपावर आली.

“मेली, सगळा हिवाळा मी चोक ओढून हिंडले. पापा म्हणाला, बाई, हे म्हणजे लेंटच्या उपासात मटण खाण्यासारखं आहे. तुझ्या कसं लक्षात आलं नाही रे?”

“नाही आलं.”

“म्हातारा झालास.”

“झालो.”

त्या दिवशीही तिनं कॉफी घेतली. नंतर मात्र ती दिसेना. तिच्यावर रागवायला जागा नव्हती. टाकी भरलेली असताना कोण बाई अख्खा डोंगर उतरून कॉफी प्यायला येईल, आणि आलीच तर पोथितोस काय म्हणेल? झानीस दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसायचा. खाली येणाऱ्याचा आवाज येत नाही, त्यामुळे बघत राहावं लागतं. बघून बघून मान दुखायची.

ईस्टरच्या आधी ती तेल बदलायला आली. गाडी सोडून पोस्टात गेली. झानीसनं तेल बदललं, आणि मग कार्ब्युरेटरखालची वाटी उघडली. आत पितळेचं एक जेट असतं, करंगळीच्या नखाएवढं, त्याला केसाएवढं भोक. इंजिनाला किती पेट्रोल मिळायचं ते त्या भोकावर. त्यानं ते काढलं आणि मोठ्या गाडीचं, मोठ्या भोकाचं बसवलं. हात आपोआप गेला असं म्हणायची इथे सोय नाही. वाटीचे दोन स्क्रू असतात, ते सहज निघत नाहीत, पेट्रोल मनगटावर सांडतं आणि गार लागतं. तेवढ्या वेळात माणूस शुद्धीवर येऊ शकतो. झानीस आला नाही. जुनं जेट त्यानं तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकलं आणि डबी खाटेखाली सरकवली.

आठवड्याभरात ती पुन्हा खोक्यावर बसली होती.

“पुन्हा प्यायला लागली रे. चोक तर आत आहे.”

झानीसनं प्लग काढून दाखवला. काजळीनं काळाकुट्ट. “वय झालं गाडीचं,” तो म्हणाला, आणि त्याच हातांनी काजळी घासून प्लग परत लावून दिला. ती म्हणाली, “तू आहेस म्हणून चाललंय.”

उन्हाळा गेला. बोटीतून माणसं आली, उन्हात भाजून घेऊन परत गेली. अनेझीना यायची, बसायची, बोलायची. आर्गिरिस कसा घोरायचा, सून फोनवर कशी ‘आई’ म्हणायची जणू दात दुखतोय, सगळं सांगायची. झानीसही बोलायचा. मुलीबद्दल बोलायचा. बायको शाळेसाठी गेलेली नाही, हे तिच्याजवळ एकदा सरळ बोलून गेला. “ठाऊक आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांनाच ठाऊक आहे. कॉफी उतू जाईल, बघ.”

कधी तो तिच्या टाकीत चार थेंब जास्त सोडायचा आणि म्हणायचा, मीटर अडकलंय. तिनं एकदा पकडलं. “भीक नको,” एवढंच बोलली, पण असं बोलली की त्यानं पुन्हा केलं नाही. पाप आवरण्यापेक्षा चार थेंबांची दया करणं सोपं, आणि सोपं तेवढं करणाऱ्यांनीच हे जग भरलंय.

मग एक दिवस ती सहज बोलावं तसं बोलून गेली, “सरकार विकली. आणि तिची बहीणही. पेट्रोल परवडेना.”

त्या दिवशी तरी त्यानं बोलायला हवं होतं. तो म्हणाला, “बरं केलंस, कुंपण तरी वाचेल.” ती हसली नाही.

पुन्हा हिवाळा लागला. एका दुपारी ती आली आणि खोक्यावर बसली नाही.

“टाकी पूर्ण भर. रिकामी गाडी हातात दिली असं नको व्हायला.”

“कुणाच्या हातात?”

“पोथितोसच्या. शब्द दिलाय. त्याला धक्क्यावरून खोकी वाहायला हवीय. सपाटीवर काय, पिईल तेवढी पिऊ दे.”

“आणि शेळ्या?”

“खाटीक घेतोय.”

पेट्रोल टाकीत पडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

“आणि तू?”

“लिनार्डोसनं बाल्कनीला काच लावून घेतलीय. खाट मावते म्हणे. ऊनही येतं. पुढच्या बोटीनं जाईन.” तिनं हेल्मेट काखेत धरलं होतं. “बघतोस काय? या गाडीनं अर्धी पेन्शन गिळली. पोरगं बरोबर बोलत होतं. मीच हट्टी.”

झानीसनं नळी जागेवर टांगली. एक शेवटचं खोटं अजून हाताशी होतं, ते त्यानं पुढे केलं.

“एक दिवस ठेव माझ्याकडे. कार्ब्युरेटर साफ करतो. फरक पडेल.”

“किती वेळा केलास साफ. तूच म्हणालास, वय झालं. दुसरा कुणी म्हणाला असता तर भांडले असते. तू म्हणालास म्हणून मानलं.”

तिच्या विश्वासानंच त्याचं खोटं निकामी केलं होतं. तो आत गेला, खाटेखाली हात घातला, डबी आणली आणि तळहातावर उलटी केली.

“हे काय?”

“तुझ्या गाडीचं जेट. खरं. आत आहे ते मोठं आहे. मी बसवलं.”

“कधी?”

“ईस्टरच्या आधी. तू पोस्टात गेली होतीस.”

“चुकून?”

“नाही.”

ती जेटकडे बघत होती. “आणि चोक?”

“तोही दिसला होता. पहिल्याच दिवशी.”

समोर पोथितोस खुर्ची उन्हात ओढून बसला होता आणि इकडेच बघत होता. अनेझीनानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर झानीसला बरं वाटलं असतं.

“सरकार विकली मी,” ती म्हणाली. “तिचं नाव तू ठेवलं होतंस.”

“हो.”

“का केलंस?”

“तू यायचीस.”

वाऱ्यानं तिच्या काळ्या ओढणीचं टोक तोंडावर आलं. तिनं ते बाजूला केलं.

“गाडी तुझ्याकडेही आहे, झानी. हा रस्ता खाली येतो तसा वरही जातो. माझं दार कुठे आहे, ते बेटावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.”

“लोकांनी तुला नावं ठेवली असती.”

“म्हणून तू मला कंगाल केलंस.” तिनं कॅफेकडे पाहिलं. “लोक. जसं काही लोक मला बाल्कनीत भेटायला येणार आहेत.”

झानीसनं तळहातावरच्या जेटकडे पाहिलं.

“बसव ते परत. आत्ता. आणि कसं काढतात, कसं घालतात, ते मला दाखव. पुन्हा कुणाला दाखवायची वेळ यायला नको.”

त्यानं वाटी उघडली. ती शेजारी उकिडवी बसून बघत होती, इतक्या जवळ की तिच्या शालीला येणारा शेळ्यांचा वास त्याला आला. शेवटचा स्क्रू तिनं स्वतः आवळला. मोठं जेट उचलून तिनं खिशात टाकलं. पैसे दिले. मग हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला, खट्ट. तशीच कॅफेपाशी चालत गेली.

“गाडी विकायची नाही, पोथितो.”

“शब्द दिला होतास, बाई.”

“दिला होता. परत घेते.”

“का पण?”

झानीस पंपाला टेकून उभा होता. आता आपलं नाव येणार, आणि अंधार पडायच्या आत आपल्यावर सगळं बेट थुंकणार, हे त्याला कळत होतं.

“पिते म्हणून विकत होते,” अनेझीना म्हणाली. “आता पीत नाही.”

तिनं कुणाला सांगितलं नाही. झानीसनं वाट बघितली, शिव्यांची, दगडाची, निदान पाद्रीच्या एखाद्या वाकड्या शब्दाची. काही आलं नाही. पोथितोस रोजच्यासारखाच नमस्कार करायचा आणि शब्द मोडणाऱ्या बायकांवर बोलायचा. आपलं पाप ठाऊक असलेलं माणूस एकच, आणि तेच बोलत नाही, ही शिक्षा झानीसला कुठल्याही दगडापेक्षा जड गेली.

गाडी आता छान चालत होती. वर चढताना तिचा आवाज त्याला खालपर्यंत ऐकू यायचा, स्वच्छ, सुका, न खोकणारा. त्या आवाजावरूनच त्याला कळायचं की प्लग आता काळा नाही, बदामी आहे, पेट्रोल पुरतंय आणि तिला इथे यायची गरज नाही. कधी तरी, फार दिवसांनी, ती यायची. आणखी जाणार कुठे, पंप एकच. हेल्मेट काढायची नाही. “भर,” म्हणायची. तो भरायचा. काचेआड तिचे डोळे दिसायचे, तेही समुद्राकडे. खोकं त्यानं उचललं नव्हतं. त्यावर मांजर बसायला लागलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी झानीसनं दाढी केली, पंपाला साखळी लावली, कॉफीची नवी पुडी कोटात घातली आणि स्वतःच्या गाडीला किक मारली. तो वर निघाला. वर जाणारा सगळ्यांना ऐकू जातो, हे त्याला ठाऊक होतं. तरी निघाला. प्रत्येक वळणावर गाडी घरघरत होती आणि प्रत्येक वळणावर त्याला वाटत होतं, आता परत फिरावं. फिरला नाही. शेवटच्या वळणावर मात्र त्यानं पाय टेकले.

तिथून तिचं अंगण दिसतं. चिमणीतून धूर निघत होता. त्याच्या गाडीचा आवाज तिथे पोचलेला होताच, कारण अनेझीना दारात आली. तिनं कपाळावर हात धरून वळणाकडे पाहिलं. दोघांमध्ये एक दगडी कुंपण आणि थोडासा रस्ता, एवढंच होतं. तिनं हात हलवला नाही. हाकही मारली नाही. जरा वेळ उभी राहिली आणि आत गेली. उत्तरेचा वारा सुटला होता, असल्या वाऱ्यात बेटावर कुणी दार उघडं ठेवत नाही.

तिनं दार लावलं नाही.

झानीस त्या उघड्या दाराकडे बघत राहिला. पलीकडच्या खिडकीत एक पडदा हलला. शेजारची कुणीतरी म्हातारी. पडद्याआडची एक म्हातारी, बस, तेवढी पुरली. त्यानं इंजिन बंद केलं, गाडी वळवली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि उतारावर सोडून दिली. काही आवाज झाला नाही. नुसता वारा कानांतून गेला.

बंदरात गाडी टेकवली तेव्हा पोथितोस खुर्चीतून ओरडला, “अरे, पंपवालाच उतारावर पेट्रोल वाचवायला लागला, मग आम्ही गरिबांनी काय करायचं?”

कॅफेतले सगळे हसले. झानीसनं साखळी काढली, खोक्यावरून मांजराला उठवलं आणि तिथे बसला. कॉफीची पुडी कोटातच होती.